मायची माखी पाण्यावर राहते

माझ्या मायवर अन्याय झाला तो नवरात्र बसायच्या आदल्या सोमवारी, सकाळी सव्वादहा वाजता, सुरतेत कतारगाममधल्या एका कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, सात बायांसमोर. तिथल्या सुपरवायझर बेनने मायच्या डब्यातल्या चार माशा उचलून पाण्याच्या टबात टाकल्या. चारही बुडाल्या. बेन म्हणाली, "तमे दोरो बदल्यो छे." म्हणजे आम्ही दिलेला चांगला दोरा तुम्ही घरी ठेवलात आणि भलताच दोरा बांधून आणलात. सरळ मराठीत सांगायचं तर माय चोर.

नाही बदलला, असं माय म्हणाली. ते कुणी ऐकलं नाही. बेनने आठवडाभराच्या कामाचा डबा ठेवून घेतला, उरलेल्या दोऱ्याचं रीळ ठेवून घेतलं, बुडालेल्या चार माशा कागदात गुंडाळून मायच्या हातात दिल्या आणि पुढच्या सोमवारपर्यंतची मुदत सांगितली. तोवर पाण्यावर राहणारी माशी बांधून आणा. नाही तर शिकंजा परत करा आणि यादीतून नाव गेलं समजा.

या माशा म्हणजे काय ते आधी सांगते, कारण दोन वर्षं ते मलाही धड माहीत नव्हतं. परदेशातले हौशी लोक नदीत मासे धरतात, पण गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून नाही. बारीक गळाला पिसं, दोरे गुंडाळून त्याची खोटी माशी करतात. त्यातली एक जात पाण्यात बुडता कामा नये. खरी माशी पाण्यावर टेकावी तशी ती टेकली पाहिजे, तरच मासा खालून वर येऊन फसतो. या माशा बांधायच्या हातांनीच. टेबलाच्या कडेला बसवायचा बोटभर शिकंजा असतो, त्यात गळ पकडायचा आणि केसासारख्या दोऱ्याने एकेक अवयव बांधत जायचं. शेपूट, अंग, पंख. पूर्ण माशी तांदळाच्या दोन दाण्यांएवढी.

आमच्याकडे त्याला माखीचं काम म्हणतात. माय आधी साड्यांवर खडे चिकटवायची. ते सोडून तिने हे घेतलं, कारण यात खळीचा वास नव्हता. सुरुवातीला पंखांना कोंबड्याच्या मानेची पिसं होती. मग कारखान्याने पिसं बंद केली, कारण पिसांच्या मालाला तिकडे कागदपत्रं फार लागतात म्हणे, आणि सगळ्या बायांना पांढरा सिंथेटिक दोरा दिला. सुरतेत सिंथेटिक दोऱ्याला काय तोटा. पण पीस जे आपोआप करतं, म्हणजे पाण्यावर राहणं, ते दोऱ्याकडून कसं करून घ्यायचं, हे बायांना कुणी शिकवलं नाही. बांधा म्हणाले, बायांनी बांधलं.

घरी बसून कारखान्याची कामं करणाऱ्या बायांच्या संघटनेत मी पत्रकं लिहिते. सोमवारी दुपारी माय घरी आली, पाणी प्यायली, आणि काय झालं ते तिने मला चार वाक्यांत सांगितलं. मी तासाभरात पत्रक लिहिलं. 'कारखान्याने निकृष्ट दोरा बायांच्या माथी मारला आणि उलट बायांनाच चोर ठरवलं', असं त्याचं पहिलं वाक्य होतं. झेरॉक्सवाल्याकडून तीस प्रती काढल्या आणि पर्वत पाटियाजवळच्या आमच्या गल्लीत आणि पुढच्या दोन गल्ल्यांत दारोदार वाटल्या. परत येऊन मायला वाचून दाखवायला बसले, तर ती परातीत पाणी घेऊन त्यात डोकावत होती.

"माय, ऐक ना."

"पहिले माखी तरू दे," ती म्हणाली. "मंग तुना कागद." आम्ही धुळ्याकडचे. घरात माय अहिराणीच बोलते.

"माशीचा प्रश्न नाहीये. प्रश्न तुझ्यावर आळ घेतला त्याचा आहे."

"तेच सांगी ऱ्हायनू. मी कितीबी बोलनू तरी बेन आयकाव नही. पाणीनं आयकी."

पाण्याचं ऐकेल. मला ते भाबडं वाटलं आणि मी तसं म्हटलं. मायने परात पुढे ओढली. कागदातल्या चार माशा तिने परातीत सोडल्या. चारही पुन्हा बुडाल्या. तिचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी आधी पाहिला नव्हता. दोरा तिने बदलला नव्हता हे तिला माहीत होतं. मग दोष तिच्या हातात होता की काय, हे तिला कळत नव्हतं. खात्री करायला पंखांच्या त्या दोऱ्याचं रीळही घरात नव्हतं.

मंगळवारपासून तिने जे सुरू केलं त्याला प्रयोग म्हणतात. शाळेत प्रयोगाच्या वहीत साहित्य, कृती, निष्कर्ष असं लिहून आम्ही मार्क मिळवले. चौथी शिकलेल्या बाईला तो शब्दही लागला नाही.

साहित्य तिने गल्लीतून गोळा केलं. आमच्या भागात साडी कापणारी, लेस लावणारी दुकानं आहेत. त्यांच्या दाराशी कतरणांची पोती असतात. तिथून तिने आरपार दिसणाऱ्या ऑर्गेंझाच्या पट्ट्या आणल्या, नेट आणलं, साटीनची रिबन आणली, जरीची चपटी तार, म्हणजे बदला, आणला. साडीच्या दुकानात देतात ती न विणलेल्या कापडाची पिशवी कापली. माल बांधायची पांढरी प्लास्टिकची सुतळी उलगडली. बाप हजीऱ्याच्या मोठ्या कारखान्यांत कंत्राटी कामाला जातो. त्याच्याकडून यंत्रांभोवती गुंडाळून येतो तो पातळ फोम मागवला. बापाने विचारलं, "हाई काय भंगारनं दुकान काढी ऱ्हायनी का?" तरी दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत घडी घालून आणला.

गळ आणि बांधायचा बारीक दोरा घरात होता; प्रत्येक जिनसाचे ती पंख बांधायची. एकच गळ, एकच अंग, फक्त पंख वेगळे. थर्माकोलच्या तुकड्यावर ओळीने टोचून ठेवायची. मग परात उन्हात ठेवायची, प्रत्येक माशी वीतभर उंचीवरून सोडायची, आणि चहाला उकळी येईपर्यंत वाट बघायची. उकळी आली तरी वर असेल तर पास. बुडाली तर कशी बुडाली ते बघायची: नाकावर, शेपटीवर, की एका कुशीवर. मी पत्रकात आयुष्यभर 'कशी बुडाली' हे विचारलं नव्हतं, फक्त 'कुणी बुडवली' हे विचारलं होतं.

बदला दगडासारखा खाली गेला. साटीन पाणी पीत बसलं आणि मग गेलं. नेटचे पंख पाण्यावर टिकले पण कडक, बांबूच्या तट्ट्यासारखे. फोम बुडतच नव्हता, पण दोरा आवळला की चिरायचा. पिशवीचं कापड तरंगायचं, मात्र त्याचे पंख माशीचे न दिसता तिकिटाचे तुकडे दिसायचे. सुतळीचे तंतू सगळ्यांत हलके निघाले. मायने ते उवांच्या फणीने विंचरले. इतके विंचरले की हातात धरले तर दिसत नव्हते, फुंकर घातली की समजायचं काहीतरी आहे. आणि ऑर्गेंझा तिने कापला नाहीच. आडवे धागे एकेक ओढून काढले, उभे तेवढे ठेवले. उन्हात त्या उरलेल्या धाग्यांवर निळा-जांभळा रंग सरकायचा.

गुरुवारी सकाळी तिने दोन्ही एकत्र बांधले. मध्ये सुतळीच्या तंतूंचा झुबका, दोन्ही बाजूंना ऑर्गेंझाच्या धाग्यांचे पंख. परातीत सोडली. मी ब्रश तोंडात घेऊन उभी होते.

ती माशी पाण्यावर उभी राहिली. तरंगली म्हटलं तर लाकडाची ढलपी तरंगते तशी वाटेल. ही तशी नव्हती, ही उभी होती. पाण्याला एक साय असल्यासारखी, आणि त्या सायीवर तिने पाय रोवल्यासारखी. जिथे धागा टेकला होता तिथे पाणी किंचित खाली दबलं होतं, फाटलं मात्र नव्हतं. मायने मला खाली बघायला सांगितलं. परातीच्या तळावर माशीची सावली पडली होती आणि त्या सावलीत प्रत्येक टेकलेल्या धाग्याच्या जागी एक गोल काळा ठिपका होता, धाग्यापेक्षा कितीतरी मोठा, कडेने झगझगीत. एवढ्याशा वजनाने पाण्याला पडलेले खळगे. आम्ही दोघी परातीवर वाकून किती वेळ होतो कुणास ठाऊक. चहा उतू गेला. माझ्या तोंडातली पेस्ट गिळली गेली.

"पाणीनी कातडी से," माय हळूच म्हणाली. पाण्याला कातडी असते हे तिने पुस्तकातून नाही, परातीतून शोधलं.

आता माझी चूक. ती लपवणार नाही.

शनिवारी दुपारी मी गल्लीतल्या बायांना आमच्या दारात बोलावलं. माखीचं काम करणाऱ्या पाच-सहा, शिवाय खडे चिकटवणाऱ्या. मायची नवी माशी सगळ्यांना दाखवायची आणि कारखान्याविरुद्ध सह्या घ्यायच्या असा माझा बेत होता. चार लोक घरी येणार म्हणून मी परात चांगली लख्ख केली. भांड्याच्या साबणाचं पाणी, घासणी, वर एकदा नळाखाली धरली. अहो, आरशासारखी चमकली.

आमच्याकडे पीठ मळायच्या परातीला साबण लावत नाहीत. भाकरीला वास लागतो. माय ती नुसत्या पाण्याने खरवडते आणि उन्हात उपडी घालते. मला हे लहानपणापासून माहीत आहे. पाहुणे येणार म्हटल्यावर माहीत असलेलं विसरायला मला वेळ लागत नाही.

मी भाषण केलं, परातीत पाणी ओतलं आणि पहिली माशी सोडली. ती बुडाली. दुसरी सोडली, तीही बुडाली. तिसरी तर पाण्याला लागायच्या आधीच ठरवून आल्यासारखी गेली.

"ताई, तुनी सभा बुडनी," शेजारची एक म्हणाली आणि सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "बेन बरोबरच म्हणत असेल मग." ती हसत नव्हती. मायच्या सोबत सोमवारी उभ्या असलेल्या सात जणींतली ती एक. बाया पाच मिनिटांत पांगल्या. सह्या दोन झाल्या, त्यातली एक माझी.

माय परातीशी उकिडवी बसली. बोट पाण्यात घातलं, बोटावर बोट चोळलं, नाकाशी नेलं.

"परात कसाघाई धुई तू?"

"साबणाने," मी म्हणाले.

ती उठली. परात तीनदा-चारदा नुसत्या पाण्याने धुतली, ताजं पाणी घेतलं, नवी कोरी माशी सोडली. माशी उभी राहिली. मग तिने काडीचं टोक साबणाच्या बाटलीत बुडवलं आणि परातीच्या पार त्या कडेला पाण्याला टेकवलं. माशी इकडे होती, काडी तिकडे. क्षणात माशीच्या पायाखालचं काहीतरी निघून गेलं. कुणी हात सोडावा तशी ती खाली गेली.

मी थक्क होऊन बघत राहिले. माय मात्र पुढच्या पायरीवर होती. तिने कागदातल्या त्या जुन्या चार माशा काढल्या, ज्यांच्यामुळे ती चोर ठरली होती. एकेक चिमटीत धरून नळाखाली धुतली, पुन्हा धुतली, परत धुतली. उन्हात वाळवल्या. मग परातीत सोडल्या.

चारही वर राहिल्या. अर्धा तास राहिल्या.

"बेनना टब मा," माय म्हणाली, "चहाना कप धुतस." कारखान्यात बेसिनजवळ तो निळा टब असतो, त्यात कप विसळतात, आणि कुणाच्या मालाची शंका आली की त्याच टबात माशा टाकतात. दोरा चांगला होता. बांधणी चांगली होती. पाणी साबणाचं होतं, आणि तोच साबण त्या चार माशांच्या अंगात मुरून आमच्या घरापर्यंत आला होता.

मी म्हणाले, "आत्ताच्या आत्ता पत्रक काढते."

माय म्हणाली, "तुना पहिला कागद मा काय लिखेल से?"

कारखान्याने निकृष्ट दोरा माथी मारला, असं लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं. वाचताना आवाज बारीक झाला. दोरा न तपासता बेनने मायवर आळ घेतला, आणि दोरा न तपासता मी कारखान्यावर. फरक एवढाच की माझा आळ झेरॉक्स करून तीस घरांत गेला होता.

रविवारी मायला परातीवरही भरवसा उरला नव्हता. तिला वाहतं पाणी हवं होतं. शहराबाहेरच्या कालव्यावर आम्ही रिक्षाने गेलो. निघण्यापूर्वी तिने पक्कडीने दोन माशांच्या गळांची टोकं मोडली होती. कुणाच्या तोंडात अडकायला नको.

पाणी हिरवट, संथ. काठावर गवत. आणि गवताच्या पात्यावर ती बसली होती: खरी माशी. आम्ही दोन वर्षं तिची नक्कल घरात करत होतो आणि ती कशी दिसते हे कुणी आम्हाला दाखवलं नव्हतं. कारखान्यात फक्त प्लास्टिकच्या पुडीत नमुन्याची खोटी माशी होती. अंग पिवळसर, शेपटीला दोन केस, आणि पंख पाठीवर उभे, बंद केलेले. माय इतकी जवळ गेली की मला वाटलं श्वासाने उडून जाईल. पंख आरपार दिसत होते. त्यांत आडव्या-उभ्या शिरा होत्या, आणि ऊन पडलं की निळा-जांभळा रंग सरकत होता.

"ऑर्गेंझा," मी म्हणाले.

मायने मान हलवली. तिचे डोळे भरले होते. तिने पिशवीतून आपली माशी काढली आणि दोन्ही शेजारी-शेजारी धरून पाहिल्या. "मना पंख जरासा जाड से," म्हणाली. एवढीच तक्रार. ती कारखान्याविरुद्ध नव्हती, स्वतःविरुद्ध होती.

मग तिने माशी पाण्यावर सोडली. ती उभी राहिली आणि प्रवाहाबरोबर निघाली. आम्ही काठाने तिच्यासोबत चालत होतो, वरातीत चालावं तशा हळूहळू. दहा-बारा पावलं गेलो असू. पाण्याखाली काहीतरी चांदीसारखं वळलं. माशीच्या जागी एक बारीकसा बुडबुडा झाला, वर्तुळ उठलं, आणि माशी नव्हती.

बोटभर मासा असेल. माय कालव्याच्या काठावर मटकन बसली.

"दख, खाई गया," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्याले खरी वाटनी."

माशाने ती लगेच थुंकली. माशी हातभर पुढे पुन्हा वर आली, पंख झटकल्यासारखे उघडे, आणि तशीच वाहत गेली. आम्ही ती परत आणायला गेलो नाही. मी संघटनेत खूप मोठे मोर्चे पाहिले आहेत. त्यातल्या एकाही मोर्चात मला असं जिंकल्यासारखं वाटलं नव्हतं. तिथे वाटलं. सुतळी आणि साडीची कतरण. आणि पाण्यातला जीव फसला. माझी आई एवढं करू शकते हे मला माहीत नव्हतं, आणि मी तिच्याच बाजूने पत्रकं लिहीत होते.

सोमवारी आम्ही कारखान्यात गेलो. मायने परात साडीच्या पिशवीतून नेली होती. पिण्याच्या नळाचं पाणी भरलं. जुन्या चारांतली एक माशी बेनपुढे धरली आणि म्हणाली, "तुमच्या हाताने टाका."

बेनने टाकली. उभी राहिली.

"आता दुसरी तुमच्या टबात टाका."

टाकली. बुडाली. बेनने टबाकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं. मायने माझ्याकडे न बघता हाताने थांबवलं. बेनने बोटं टबाच्या पाण्यात घातली, चोळली, ओढणीला पुसली. मग कपाटातून मायचा ठेवून घेतलेला डबा काढला आणि त्यातल्या एकामागून एक माशा परातीत टाकत राहिली. पाच, सहा, दहा. सगळ्या उभ्या, एकमेकींकडे तोंड करून. तीसुद्धा वाकून बघत राहिली, आणि क्षणभर मला तिचा राग आला नाही. तिनेही पाण्याची कातडी पहिल्यांदाच पाहिली असावी.

"दोरो बराबर हतो," ती शेवटी म्हणाली, किती वाजले ते सांगावं तसं.

"जरा मोठ्याने, बेन," माय म्हणाली. "मागच्या सोमवारी बोललात तेवढ्या."

बेनने मान वर केली. टेबलांशी त्या सात जणींतल्या चार बाया होत्या. ती मोठ्याने म्हणाली, दोरा बरोबर होता, टबाच्या पाण्यात खोट होती. मायने तिला नव्या पंखांची माशी दाखवली. बेनने ती उजेडात धरली, "आ सारूं छे", हे छान आहे, म्हणाली आणि नमुना म्हणून ठेवून घेतली. शिकंजा मायकडे राहिला. टब बदलला.

त्याच दुपारी मी तीस दारं पुन्हा वाजवली. माझ्या पत्रकातलं पहिलं वाक्य चूक आहे, कारखान्याचा दोरा चांगला होता, असं उभ्याने सांगितलं. एका घरी कागद मसाल्याच्या डब्यांखाली अंथरला होता. एकीने विचारलं, "मंग आता आम्ही कोणावर चिडायचं?" चार दारं बंद होती. तिथे दुसऱ्या दिवशी गेले. पत्रक वाटताना मी कधी इतकी घामाघूम झाले नव्हते.

पण मायचं काय झालं ते ऐका. आळ घेतला तेव्हा सात जणी होत्या, मागे घेतला तेव्हा चार. उरलेल्या तिघींना बेनने सांगितलं नाही. तिला वेळ नव्हता. त्या तिघींतली एक आमच्या गल्लीत राहते, शनिवारी न हसलेली ती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू तिची मुलगी, तू असंच सांगणार." अजूनही माय तिच्या ओट्यावर टेकली की ती आपलं दोऱ्याचं रीळ मांडीखाली सरकवते. माय बघते आणि पंखांबद्दल बोलत राहते.

म्हणून मी हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. तुम्ही कुणाचं तरी काम नाकारता. शिंप्याचं, मोलकरणीचं, हाताखालच्या माणसाचं. ज्याचं काम नाकारता त्याच्यासमोर तपासा, आणि कशाने तपासलं ते त्याला हात लावून बघू द्या. आणि ज्या माणसावर तुम्ही चुकीचा आळ घेतलात ते माणूस तुम्हाला आत्ता, हे वाचताना आठवलं असेल. तेव्हा तिथे कोण कोण होतं ते आठवा. त्या प्रत्येकाकडे जा, आजच जा, आणि तुमचं चुकलं होतं हे तुमच्या तोंडाने सांगा.